चेरोकी लोकांवरची कादंबरी नऊ वर्षांच्या मुलीला द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे, अटलांटाजवळच्या शाळेत चौथीत आहे आणि वाचनाच्या यादीत ‘चेरोकी स्थलांतरा’वरची मुलांची कादंबरी आली आहे. ती तिला झेपेल का, आणि अशा पुस्तकांतलं चांगलं कसं ओळखायचं, हे तुम्हाला हवंय.

झेपेल. माझ्या मुलाने त्याच वयात अशी दोन पुस्तकं वाचली. एकदाच रडला, तेही कुत्रा मागे राहिला तेव्हा. फक्त तिच्याशी बोलताना ‘स्थलांतर’ म्हणू नका. स्थलांतर पक्षी करतात, ऊसतोडीला जाणारी माणसं पोटासाठी करतात. इथे १८३८ साली अमेरिकी सैनिकांनी संगिनी रोखून चेरोकींना, म्हणजे जॉर्जियाच्या भागातल्या मूळनिवासी लोकांना, घराबाहेर काढलं आणि पश्चिमेला आजच्या ओक्लाहोमापर्यंत नेलं. ती हकालपट्टीच.

आता निवडीचं. माझी कसोटी साधी आहे: शिपाई कितव्या पानावर येतात ते बघा. पहिल्याच पानावर आले, तर निदान पहिलं पुस्तक म्हणून तरी ते देऊ नका. कारण मग मुलांना दिसतात ती नुसती थंडीत चालणारी, रडणारी माणसं, आणि त्यांचं काय गेलं हे कळायला मार्गच उरत नाही.

गेलं ते बरंच होतं. तंबूत राहणारे, पिसं लावून फिरणारे लोक चित्रात दिसले तर पुस्तक खुशाल परत करा. हे लोक लाकडी ओंडक्यांच्या घरांत राहत, मका पिकवत, पीचच्या बागा राखत. १८२७ साली त्यांनी स्वतःची लिखित राज्यघटना केली. सिक्वोया नावाच्या चांदीकाम करणाऱ्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्याने १८२१च्या सुमारास आपल्या भाषेची लिपी एकट्याने तयार केली. आपल्या मुलांना ती पटकन कळते, कारण तिच्यातही एका अक्षराला एक उच्चार. फरक इतकाच की आपल्या बाराखडीत ‘क’ला वेलांटी दिली की ‘की’ होतो. तिथे ‘गा’ आणि ‘गी’ यांचा एकमेकांशी चेहऱ्याने काही संबंध नाही. पंच्याऐंशी चिन्हं सुटी सुटी पाठ करायची.

जमलं तर पुस्तकाआधी न्यू एकोटाला जाऊन या, कॅलहूनजवळ आहे. ही त्यांची राजधानी. इथूनच २१ फेब्रुवारी १८२८ला ‘चेरोकी फीनिक्स’ हे वर्तमानपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी दोन्हींत. छापखान्याची आजची इमारत नव्याने बांधलेली आहे, पण उत्खननात त्या जागी छपाईचे शिशाचे खरे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, सापडले. १८३५मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी तो छापखानाच जप्त केला. माझ्या मुलाला संगिनींपेक्षा हे जास्त झोंबलं. ‘पेपर का बंद केला?’ हे तो परतताना गाडीत तीनदा विचारत होता.

दुसरं, पुस्तकात घरातलं भांडण आहे का बघा. १८२९च्या सुमारास चेरोकी भूमीतल्या डालोनेगाला सोनं सापडलं. आज शाळेच्या सहली तिथे परातीत सोनं धुवायला जातात, तेच डालोनेगा. १८३० साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या सहीने हकालपट्टीचा कायदा झाला. १८३२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेरोकी भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. त्याच वर्षी जॉर्जियाने त्या जमिनी चक्क लॉटरीने वाटायला काढल्या. तेव्हा मेजर रिज हा चेरोकी पुढारी आणि त्याच्या सोबत्यांना वाटलं, आता जमीन जातेच आहे, तर करार करून निदान काहीतरी पदरात पाडून घ्यावं. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस ठाम विरोधात होता. डिसेंबर १८३५मध्ये मूठभर लोकांनी न्यू एकोटाला सह्या केल्या. विरोधाच्या अर्जावर पंधरा हजारांहून जास्त सह्या होत्या, तरी अमेरिकी सिनेटमध्ये लागणाऱ्या दोन तृतीयांश बहुमताच्या वर जेमतेम एका मताने करार तरला. पुढे १८३९मध्ये रिजला त्याच्याच माणसांनी मारलं. ज्या गोष्टीत काका एका बाजूला आणि बाप दुसऱ्या बाजूला असतो, ती मुलांना धरून ठेवते. सगळे चेरोकी शहाणे, एकदिलाचे आणि गप्प असतील, तर लेखकाला ती माणसं दिसलीच नाहीत.

बर्फातली वाट बहुतेक पुस्तकांत असते. उन्हाळा बघा. मे १८३८ संपता संपता जनरल विनफिल्ड स्कॉटचे सैनिक घराघरांत शिरले, काहींना अक्षरशः ताटावरून उठवलं. मग कुंपण घातलेल्या छावण्यांत दुष्काळी उन्हाळा, हगवण, गोवर, डांग्या खोकला. सुमारे १६,००० माणसं हलवली गेली आणि मृत्यूंचा नेहमी दिला जाणारा अंदाज ४,०००चा आहे. त्यातले पुष्कळ वाटेला लागण्याआधी या छावण्यांतच गेले. लहान पोरं आणि म्हातारी जास्त.

एक अवघड गोष्ट. काही श्रीमंत चेरोकींकडे कृष्णवर्णीय गुलाम होते. १८३५च्या गणनेत त्यांची संख्या १,६००च्या आसपास होती. तेही त्याच वाटेने चालवले गेले. मुलांच्या पुस्तकांतून हे सहसा गाळतात. तुमच्या पुस्तकात असेल, तर ते पान उलटून पुढे जाऊ नका, तिच्याबरोबर वाचा. प्रश्न येतील. मलाही सगळी उत्तरं जमली नाहीत.

आयांचे अश्रू पडले तिथे पांढरा गुलाब उगवला, अशी एक कथा शेवटी बऱ्याचदा येते. गोड आहे, पण तिला दंतकथाच म्हणा. ते झाड मुळात चीनमधलं.

शेवट वाटेवरच होत असेल तर तेवढं तुम्ही जोडा. ओक्लाहोमातलं टाहलेक्वा ही चेरोकी नेशनची आजची राजधानी, आणि नागरिक चार लाखांहून जास्त. काही जण नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत राहिले, त्यांचे वंशज अजून तिथेच आहेत. आयफोनमध्ये चेरोकी कीबोर्ड असतो, तो चालू करून मुलीला तिचं नाव लिहायला सांगा. नावात ‘प’ किंवा ‘ब’ असेल तर अडेल, त्या भाषेत हे उच्चारच नाहीत. माझ्या मुलाचं तिथेच अडलं.