मधल्या सुट्टीतली सुई

"शाळेत सांगायलाच हवं का हो मॅडम? एकदा 'शुगरवाला मुलगा' म्हणून शिक्का बसला की संपलं."

टाइप १ मधुमेह (यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही, ते टोचूनच घ्यावं लागतं) असलेल्या मुलांचे आईबाबा समोर बसले की हा प्रश्न येतोच. लालबागची ही आईही तेच विचारत होती. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीतला. डबा खाण्याआधी इन्सुलिन घ्यावं लागतं, म्हणून ही रोज कामावरून धावतपळत शाळेच्या फाटकाशी यायची, त्याला जिन्याखाली न्यायची आणि टोचायची. शाळेला सांगितलेलं कारण : पोटाचं औषध.

तिची तक्रार मात्र वेगळीच होती. हल्ली डबा तसाच परत येतो. भूक नाही म्हणतो.

मुलाशी एकट्यानं बोलले. बराच वेळ खोडरबर कुरतडत बसला, मग म्हणाला, "जेवलो नाही तर टोचावं लागत नाही ना."

गणित चोख होतं, पण धोक्याचं. सकाळच्या इन्सुलिनचा असर दुपारीही चालू असतो. त्यात पोट रिकामं आणि वर पीटीचा तास, की रक्तातली साखर फार खाली जाते. एकदा तो घामाघूम होऊन मैदानातच बसला, तर सरांना वाटलं नाटक करतोय. आणखी एक फेरी मारायला लावली. सरांना तरी काय बोलणार? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"कुठे टोचलं तर चालेल तुला?" मी विचारलं. "जिन्याखाली नको. पाल असते तिथे." सुईचं त्याला फार काही नव्हतंच. त्याला नको होती ती पाल आणि ती लपवालपवी. ग्रंथालय चालेल म्हणाला, आणि मित्र दाराशी उभा हवा.

मग आम्ही तिघं मुख्याध्यापिकांकडे गेलो. वर्गबाई आधीच बिचकल्या होत्या : "आम्ही टोचणार नाही हं, काही झालं तर?" टोचायचं नव्हतंच त्यांना. तो स्वतः इन्सुलिनच्या पेननं टोचणार, बाईंनी फक्त पेनवरचा डोसचा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघायचा. चिठ्ठीत पुढचंही होतं : घाम, थरथर, उगाच चिडचिड दिसली की रक्तातली साखर तपासा, ७० मिग्रॅ/डेलि च्या खाली असेल तर ठरवून दिलेली ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. सरांनी ती स्वतःच्या मोबाइलवर टिपून घेतली, हे मला फार आवडलं.

इन्सुलिन ठेवायला शाळेत फ्रिज नसण्याची अडचण निघाली, पण वापरात असलेलं पेन उन्हापासून लांब, ३० अंशांच्या आत राहिलं की बहुतेक प्रकारांचं चार आठवडे चालतं. ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी गार पाऊच घेतला. वापरलेल्या सुया जाड डबीतून घरी परत.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. डबा रिकामा येतो, आणखी एक पोळी मागतो. इन्सुलिनच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारते म्हणाली. दुपारी आता शाळेत जात नाही. पहिला आठवडाभर मात्र ती समोरच्या रसवंतीत बसून होती, हे हळूच सांगितलं.