ख्रिस्ती शिष्यत्व म्हणजे एक प्रकारची तालीम असते का? विश्वास ठेवला की पुरे नाही का?

तुम्ही एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. ख्रिस्ती लोकच सांगतात की माणूस देवाच्या कृपेने तरतो, स्वतःच्या कर्माने नाही. मग उपवास, ठरल्या वेळेची प्रार्थना, रोजचं आत्मपरीक्षण ही शिस्त कशाला? ती आखाड्यातल्या तालमीसारखी असते हे खरं का? आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसाला यातलं काही करून बघता येईल का?

मी वसईची कॅथलिक. धर्मशास्त्र शिकलेली नाही, बँकेत नोकरी करते. गेली नऊ वर्षं येशूसंघ (जेझुइट) हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ स्थापणारे संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या पद्धतीने रोज आत्मपरीक्षण करते, त्या अनुभवातून लिहिते आहे.

हो, तालीमच आहे. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागात, ज्याला आपण ‘शिष्य’ म्हणतो त्या ग्रीक शब्दाचा साधा अर्थ ‘शिकणारा’. येशूने गालील सरोवराच्या काठी कोळ्यांना हाक मारली तेव्हा म्हणाला, माझ्यामागे या, मी तुम्हाला माणसं धरणारे करीन. ‘करीन’ म्हणाला. म्हणजे जाळी सोडून ते निघाले तेव्हा अजून काहीच झालेले नव्हते. पुढे त्याच्या शिष्यांपैकी एकाने त्याला विनवलं, प्रभू, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. यहुदी घरांत वाढलेली माणसं ती, लहानपणापासून प्रार्थना म्हणत आलेली, तरी त्यांना शिकावंसं वाटलं. येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलाच्या नावाने त्याच्या तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तर ‘सुभक्तीविषयी कसरत कर’ असा थेट आखाड्यातला शब्द आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना त्याने शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला दिला. करिंथजवळ मोठे खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे, त्यामुळे वाचणाऱ्यांना तो लगेच पटला असणार.

मला स्वतःला मात्र हे पटलं ते गेथशेमाने बागेतल्या प्रसंगामुळे. येशूला अटक होण्याआधीची ती रात्र. त्याचा शिष्य पेत्र नुकताच म्हणालेला असतो की तुमच्याबरोबर मरावं लागलं तरी मी तुम्हाला नाकारणार नाही. तो खोटं बोलत नव्हता. मनापासून बोलत होता. आणि तासाभरात तोच पेत्र झोपी गेलेला असतो. येशू त्याला उठवतो आणि म्हणतो, आत्मा उत्सुक आहे खरा, पण देह अशक्त आहे. यात रागावणं कमी आणि माणसाची ओळख जास्त आहे असं मला वाटतं. विश्वास, प्रेम, इरादा सगळं खरं असूनही ऐन वेळी डोळे मिटतात, जीभ घसरते, हात मागे राहतो. ही जी मधली फट आहे, तिथे तालीम लागते.

आता माझी गोष्ट सांगते. माझ्या बाबांना विस्मरणाचा आजार आहे. आमची केळीची वाडी कधीच विकली गेली, विहिरीवर आता मोटरही नाही. पण बाबा रोज संध्याकाळी विचारतात, ‘मोटर बंद केली का गं?’ मी ‘हो बाबा’ म्हणते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. विरार लोकलमधून उभ्याने आलेली असते, कुकर लावायचा असतो, आणि चौथ्यांदा तो प्रश्न आला की माझ्या तोंडून असं काही निघायचं की बाबांचा चेहरा उतरायचा. का उतरला हे त्यांना थोड्या वेळाने आठवायचं नाही. मला आठवायचं. मी रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात होते, बाबांवर माझं प्रेम होतं, आज ओरडायचं नाही असं रोज सकाळी ठरवत होते. ठरवून काही होत नव्हतं.

पापनिवेदनाच्या वेळी, म्हणजे धर्मगुरूजवळ आपल्या चुका कबूल करताना, फादरांना हे सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. एका कागदावर आडव्या रेघा मारून दिल्या.

या रेघा इग्नेशियस यांच्या. हा माणूस आधी सैनिक. मे १५२१मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा वाचता वाचता मन पालटलं, आणि पुढच्या वर्षी मानरेसा गावी राहून त्यांनी स्वतःच्या प्रार्थनेची टिपणं काढायला सुरुवात केली. त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक तयार झालं. १५४८मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. वाचायचं नव्हे, करायचं पुस्तक आहे ते. सुरुवातीलाच म्हटलंय की चालणं, फिरणं, धावणं ही जशी शरीराची कसरत, तशी ही आत्म्याची. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची, मौनात. ज्याला कामधंदा सोडून जाता येत नाही त्याने घरीच रोज दीड तास द्यावा, अशीही सोय त्यात आहे. (आपल्या मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स इग्नेशियस यांच्या येशूसंघाचेच, म्हणजे याच तालमीतून गेलेले.)

रेघांची रीत अशी. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताना तो मनात आणायचा. दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्याआधी दिवस तासातासाने आठवायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे. दिवसाला दोन रेघा, एक दुपारची, एक रात्रीची. मग आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून बघायची, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. आणि घसरलो त्याच क्षणी हात छातीला लावायचा. इग्नेशियस लिहितात की हे चारचौघांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. खरंच येत नाही. लेडीज डब्यात कितीदा केलंय मी.

पहिल्या आठवड्यात माझ्या रात्रीच्या रेघा ठिपक्यांनी भरल्या. दुसऱ्या आठवड्यात आणखी वाढल्या. मी घाबरून फादरांकडे गेले तर ते म्हणाले, घसरणं वाढलेलं नाही, दिसायला लागलंय. पुढे एक गोष्ट ध्यानात आली, जी मला नुसत्या पश्चात्तापाने कधी कळली नसती: सगळे ठिपके घरात पाऊल टाकल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातले होते. मग मी गाडीतून उतरले की चर्चमध्ये दहा मिनिटं नुसती बसायला लागले. प्रार्थना सुचली तर करायची, नाही सुचली तर बसायचं. आणि एका संध्याकाळी, साधारण चौथ्या महिन्यात, बाबांनी पाचव्यांदा मोटरचं विचारलं आणि माझं तोंड उघडायच्या आधी हात छातीशी गेला. मी ठरवलं नव्हतं. हातच गेला. मी म्हणाले, ‘चला, बघून येऊ.’ आम्ही दोघं परसात जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओरडले, तोही ठिपका वहीत आहे.

आता कृपेचा प्रश्न. तुम्हाला वाटतं तसा हा विरोध खरा असता तर कर्माने तरत नाही हे सगळ्यांत ठासून सांगणाऱ्या, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथर यांनी शिस्त मोडीत काढली असती. त्यांनी तर १५३५मध्ये आपल्या पेत्र नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थना कशी करावी हे लिहून दिलं. त्यात ते म्हणतात, चांगला न्हावी जसं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर ठेवतो तसं लक्ष प्रार्थनेत हवं. सकाळचं पहिलं काम प्रार्थना आणि रात्रीचं शेवटचं काम प्रार्थना, हेही त्यांचंच सांगणं. ते आणि इग्नेशियस एकाच काळातले आणि एकमेकांच्या विरुद्ध गोटांतले, पण या बाबतीत फार लांब नाहीत.

मला हे वाडीवरून समजतं. बाबा रोज पहाटे फावडं घेऊन पाट साफ करायचे. पाट साफ केला म्हणून विहिरीला पाणी येत नाही. पाणी आधीच असतं, ते आपण केलेलं नसतं. पण पाटात पालापाचोळा साचला तर ते शेवटच्या केळीपर्यंत पोचत नाही. ठिपके मोजून मी देवाकडून काही विकत घेत नाही. त्याने दिलेलं बाबांपर्यंत पोचावं म्हणून पाट काढते.

एक धोका मात्र गंभीरपणे सांगायला हवा, कारण चांगली माणसं यात मोडतात. मानरेसात इग्नेशियस यांनी केस-नखं वाढू दिली, रोज सात-सात तास प्रार्थना केली, आपण पापांची कबुली नीट दिली की नाही या शंकेने इतके पछाडले की जीव द्यावा असे विचार येऊ लागले. देव शांती देईपर्यंत खायचं नाही म्हणून आठवडाभर उपाशी राहिले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्यांना जेवायची आज्ञा केली. पुढे जन्मभर पोटाच्या दुखण्याने त्रासले. म्हणूनच १५४८मध्ये त्यांनी येशूसंघात आलेल्या फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहून कळवलं की प्रार्थनेचे तास निम्म्यावर आणा, उपवासाने शरीर कमजोर करू नका, शरीरही देवाचंच आहे, ते सांभाळा. तालमीला वस्ताद लागतो तो याचसाठी. एकट्याने केलेली वही हळूहळू स्वतःला मारायचं हत्यार होते. माझी वही तीन महिन्यांतून एकदा फादर बघतात, आणि दोन वेळा त्यांनी ती महिनाभर बंद ठेवायला लावली आहे.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम मला फार उपयोगी पडला: मन कोरडं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थनेचा तास नकोसा झाला तर उलट ठरल्यापेक्षा दोन-चार मिनिटं जास्तच बसायचं.

शेवटचा प्रश्न, तुम्हाला करता येईल का. रेघा आणि ठिपके कुणालाही मारता येतील, पण त्याआधी जे आहे ते वगळलं तर हा नुसता हिशेब होतो. रात्रीच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत: आभार मानणं, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने बघणं, क्षमा मागणं, उद्याचं ठरवणं. ठिपके तिसऱ्या टप्प्यावर येतात. मी ख्रिस्ताशी बोलते. तुम्ही कुणाशी बोलाल ते तुम्ही बघा. पंधरा मिनिटं पुरतात. पहिले पाच दिवस वही उघडूच नका, फक्त आभाराचा टप्पा करा, आणि मोघम नको, त्या दिवसातली नेमकी गोष्ट घ्या. काल माझी होती ती अशी: बाबांनी मोटरचं विचारलं, मी ‘हो’ म्हणाले, आणि ते म्हणाले, ‘मग आता तू जेवून घे.’