नॅनोट्यूब घातल्या आणि इपॉक्सीच्या पट्ट्या आधी तुटल्या

प्रश्न : मी कोल्हापूरला टी.वाय.बी.एस्सी. (रसायनशास्त्र) करते आहे. प्रोजेक्टसाठी इपॉक्सीत २ टक्के कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळून पट्ट्या ओतल्या, पण त्या साध्या इपॉक्सीपेक्षा लवकर तुटल्या. मला हेच काम पुढे करायचं आहे. एम.एस्सी. नॅनोसायन्समध्ये करू की पॉलिमरमध्ये? नोकरी मिळेल का?

उत्तर : आधी पट्ट्यांचं बघू, कारण त्यातच करिअरचं निम्मं उत्तर आहे.

२ टक्के फार झाले. नॅनोट्यूबचा पृष्ठभाग प्रचंड असतो, त्यामुळे त्या एकमेकींना घट्ट चिकटून गोळे करतात. गोळ्याच्या आत रेझिन, म्हणजे इपॉक्सीचा मूळ दाट द्रव, शिरत नाही. ताण आला की भेग तिथूनच सुरू होते. शिवाय रेझिन इतकं घट्ट होतं की ढवळताना आत गेलेली हवा बाहेर पडत नाही. ०.१ आणि ०.३ टक्क्यांवर काम कर. एलवाय ५५६ रेझिन १०० ग्रॅम आणि ते कडक करणारा एचवाय ९५१ हार्डनर १० ग्रॅम घेतलंस, तर ०.३ टक्के म्हणजे फक्त ०.३३ ग्रॅम. हार्डनरचं प्रमाण नुसत्या रेझिनच्या वजनावर काढायचं, नॅनोट्यूबचं वजन त्यात धरायचं नाही.

नॅनोट्यूब ओव्हनमध्ये वाळवून ॲसिटोनमध्ये घे. बर्फाच्या भांड्यात ठेवून प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गोळे फोडणारं यंत्र) थांबत थांबत चालव. सलग तासन्‌तास चालवलास तर गोळे फुटतात तशा नळ्याही तुटतात. मग रेझिन घालून ढवळत ७०-८० अंशांवर ॲसिटोन उडव आणि शेवटी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेव. बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो म्हणून तो सगळा गेला असं वाटतं, पण घट्ट रेझिनमधला शेवटचा अंश हटत नाही. तो राहिला तर रेझिन मऊ पडतं, काचन तापमान (ज्याच्या वर कडक इपॉक्सी मऊ पडते) खाली येतं आणि दोष नॅनोट्यूबवर जातो. यावर वजनकाटा हाच उपाय : भांडं, रेझिन आणि नॅनोट्यूब यांच्या सुरुवातीच्या बेरजेवर वजन येऊन स्थिरावेपर्यंत थांब. मिश्रण खोलीच्या तापमानाला आल्यावरच हार्डनर घाल, गरम असताना घातलास तर ओतायच्या आधीच कपात घट्ट होईल. हवा काढून साच्यात ओत.

तुलनेची साधी इपॉक्सीसुद्धा याच वाटेने गेली पाहिजे : तेच ॲसिटोन, तेवढंच सोनिकेशन, तेच तापमान. बाटलीतून थेट ओतलेल्या इपॉक्सीशी केलेली तुलना मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

ताण चाचणी एएसटीएम डी ६३८ या प्लास्टिकच्या प्रमाण पद्धतीप्रमाणे कर : प्रत्येक प्रमाणाचे किमान पाच नमुने, वेग मिनिटाला ५ मिलिमीटर. जबड्यात तुटलेला नमुना मोजू नकोस. मापांक (ताठपणा), ताकद आणि तुटेपर्यंत लांबीत झालेली वाढ हे तीन आकडे वेगळे लिही, कारण मापांक वाढून लांबीतली वाढ घटणं अगदी शक्य आहे. तुटलेला पृष्ठभाग एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलास की गोळे दिसतील, अंदाज बांधावा लागणार नाही.

आता नोकरी. ‘नॅनो’ हा शब्द अभ्यासक्रमांच्या जाहिरातीत जितका दिसतो तितका पदनामात दिसत नाही. पदं असतात कंपाउंडिंग (पॉलिमरमध्ये इतर घटक मिसळणं), मटेरियल टेस्टिंग, आर अँड डी केमिस्ट अशी. कामं टायर, केबल, रंग, वाहनांचे सुटे भाग, अँटिस्टॅटिक प्लास्टिक यांत. तिथे नॅनोट्यूब बहुधा ताकदीसाठी नाही, वीजवहनासाठी वापरतात, कारण कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या पुडीपेक्षा फार कमी मात्रेत काम भागतं. म्हणून माझा कौल पॉलिमरला. प्रक्रिया आणि चाचणी हातात असेल तर नॅनो भाग त्यावर चढवता येतो, उलटं जड जातं. तुमच्या शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा विभाग आहे. तिथे जायचं ठरवलंस तर प्रबंधाचा विषय पॉलिमर कम्पोझिटचा मिळेल का, हे प्रवेशाआधीच विचार.

लवकर नोकरी हवी असेल तर सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक प्रशिक्षण संस्थेचा प्लास्टिक प्रक्रिया व चाचणीचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा बी.एस्सी.नंतर करता येतो. राज्यात त्यांचं एक केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. संशोधनच करायचं असेल तर आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा दे, ती फेब्रुवारीत होते. एम.एस्सी.नंतर नेट किंवा गेट ही परीक्षा. गेटमध्ये एक्सई (अभियांत्रिकी विज्ञान) पेपरात पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉलिमरवर मोठं काम चालतं, तिथल्या प्रकल्पांतल्या तात्पुरत्या जागांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेव.

आणि एक, जे पत्रात तू लिहिलेलं नाहीस : कोरडी पूड कुठे तोलतेस? पंख्याखाली अजिबात नको. फ्यूम हूड, एन-९५ मास्क आणि नायट्राइल हातमोजे हवेतच. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने कार्बन नॅनोट्यूबसाठी आठ तासांची शिफारस केलेली मर्यादा हवेच्या घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. हार्डनरही कातडीला लागू देऊ नकोस, एकदा ॲलर्जी बसली की या क्षेत्रात काम करणं अवघड होतं.