गोळ्यांची पिशवी

"मॅडम, कुठलं अँटिऑक्सिडंट चांगलं?" ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हल्ली महिन्यातून दोनतीनदा तरी हा प्रश्न येतो, आणि विचारणारे बहुतेक मुलाची वाट बघणारे नवरेच असतात. त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पटू नये इतकी बदलून.

चौतिशीतला, ऐरोलीत नोकरी. शुक्राणूंची हालचाल कमी असल्याचा रिपोर्ट. त्याने पिशवी उपडी केली, सहा डब्या निघाल्या.

"डॉक्टरांनी किती दिल्या?"

"दोन. बाकीच्या मीच शोधल्या."

त्याचं तर्कशास्त्र पूर्ण चुकीचं नव्हतं. शुक्राणूच्या आवरणातली स्निग्धाम्लं ऑक्सिडीकरणाने लवकर बिघडतात, आणि स्वतःला सावरायची ताकद त्या इवल्याशा पेशीत फार नसते. हे बिघडणं रोखणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट, म्हणून ती असलेल्या फळं, भाज्या, अक्रोड यांचं ताट बरंच. गोळ्यांचं गणित मात्र तितकं सरळ नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २,३७० जोडपी होती. तिथल्या पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड देऊनही मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. उलट शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड थोडी जास्तच दिसली. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या वेळी सातवी डबी आणली!

माहितीने भीती जात नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे त्रासामागचा विचार तपासणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीत, मुरलेली मी. भीतीखालचं वाक्य शोधायचं, ही माझी सवय.

चौथ्या भेटीत विचारलं, "तुमच्या आईंना रिपोर्ट माहीत आहे?"

तो गप्प. मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. शेवटी शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "दर मंगळवारी उपवास मी करते. काढाही मीच पिते."

तो डब्यांकडे बघत राहिला. "कुणाला कळायच्या आत बरं व्हायचं होतं."

तेच ते वाक्य. रिपोर्ट वाईट म्हणजे आपण पुरुष म्हणून नापास, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यावर उतारा कुठल्या डबीत मिळणार?

मग कामाचं बोललो. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, तेव्हा दर पंधरवड्याला तपासणी करून जीव टांगणीला लावू नका. सिगारेट सोडा. अंडकोषातल्या नसा फुगल्या आहेत का, हे मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बदलू नका, बाकीच्या ठेवून द्या.

पुढच्या भेटीला पिशवीत जांभळी नाक्यावरून आणलेले आवळे होते. "आईने निवडून घेतलेत," तो म्हणाला.

"आणि काढा?" मी तिला विचारलं.

"सिंकमध्ये ओतला. सासूबाईंनीच."