जेलमधल्या साक्षीदाराबद्दल, तुझ्या फायनलच्या आधी

अगं,

काल तुझी मूट कोर्टची, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या लुटुपुटुच्या अपिलाच्या स्पर्धेची, न्यूझीलंडच्या तामिहेरे केसवरची प्रॅक्टिस राउंड ऐकली आणि रात्री उशिरापर्यंत तुझं एकच वाक्य डोक्यात घोळत होतं, "जो माणूस स्वतः खुनासाठी जन्मठेप भोगतोय त्याच्या शब्दावर दुसऱ्याला जन्मठेप कशी देता येईल?" टाळ्या पडल्या, पडणारच, वाक्य दमदार आहे आणि तू म्हणालीसही छान. पण अपिलात ते वाक्य टिकत नाही गं. का ते फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितेय, लांबलंय, पण सगळं वाच.

2001 ची गोष्ट. मी सेशन्स कोर्टात तशी नवीनच, खुनाची केस, आणि सरकार पक्षाने माझ्या आरोपीच्याच बरॅकमधला एक कैदी साक्षीला उभा केला. म्हणे आरोपीने त्याला रात्री सगळं सांगितलं, कोयता कुठल्या विहिरीत टाकला, मयताच्या अंगात कुठल्या रंगाचा शर्ट होता, किती वार केले. मी उलटतपासणीत काय केलं तर त्याच्यावरच्या केसेस एकेक करून वाचून दाखवल्या, चोरी, घरफोडी, मारामारी, आणि तो मान खाली घालून प्रत्येकाला हो म्हणत गेला आणि मला वाटत होतं झालं काम. युक्तिवादाच्या वेळी जज साहेबांनी शांतपणे विचारलं, मॅडम, जेलमध्ये माणूस मन मोकळं करणार ते कैद्यापाशीच ना, दुसरं कोण असतं तिथे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची साक्ष मान्य झाली आणि माझ्या माणसाला जन्मठेप लागली.

निकालानंतर अपिलाच्या कागदांवर त्याचा अंगठा घ्यायला जेलमध्ये मुलाकतीला गेले, तेव्हा तो बोलता बोलता म्हणाला, "चार्जशीट तोच तर वाचून दाखवायचा ना मला." तोच म्हणजे तो साक्षीदार, माझ्या आरोपीला वाचता येत नव्हतं. औषधाच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चार्जशीट, ती पिशवी भिंतीच्या खिळ्याला टांगलेली, आणि जेवणं झाली की तो साक्षीदार दहावी पास म्हणून पानं काढून वाचायचा, पंचनामा, पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, सगळ्यांचे जबाब. कुठल्याही बरॅकमध्ये असा एक जण असतोच जो बाकीच्यांचे कागद वाचतो, अर्ज लिहून देतो. घरी येऊन मी रेकॉर्ड काढलं तर त्या साक्षीदाराचा जबाब पुरवणी होता, आरोपीला चार्जशीटची कॉपी मिळाल्यानंतर सात आठवड्यांनी घेतलेला. ही तारीख वर्षभर माझ्या टेबलावर पडून होती. कागद कोण वाचायचं एवढा एक प्रश्न मी साक्षीदाराला विचारला नाही, माझ्या स्वतःच्या आरोपीलाही विचारला नाही, त्यामुळे ते रेकॉर्डवर आलंच नाही, आणि जे रेकॉर्डवर नाही ते अपिलात कितीही पोटतिडकीने सांगितलं तरी कोर्ट ऐकत नाही. मला आजही ती पिशवी आठवते.

म्हणून तुला सांगते, साक्षीदार माणूस कसा आहे हे नंतर बघ, त्याला हे कळलं कुठून हे आधी बघ.

आता तुमची केस, न्यूझीलंडच्या डेव्हिड तामिहेरेची. अर्बन हॉग्लिन आणि हायदी पाक्कोनेन ही स्वीडनची तरुण जोडी एप्रिल 1989 मध्ये कोरोमंडलच्या जंगलात बेपत्ता झाली. तामिहेरे म्हणजे कुणाला माया वाटावी असा माणूस नाही, आधी एका बाईच्या मृत्यूसाठी शिक्षा झालेला, दुसऱ्या गुन्ह्यात जामीन मोडून त्या जंगलात लपलेला, आणि या जोडीची गाडी चोरल्याचं त्याने स्वतः कबूल केलं. खून मात्र त्याने कायम नाकारला. 1990 मध्ये खटला झाला तेव्हा एकही मृतदेह सापडलेला नव्हता. तीन कैद्यांनी येऊन सांगितलं की याने आमच्याकडे कबुली दिली, आणि त्यातला विटनेस सी या नावाने ओळखला गेलेला कैदी सगळ्यात महत्त्वाचा. तो म्हणाला, तामिहेरेने हॉग्लिनच्या डोक्यात लाकडाचा ओंडका घातला, मृतदेह समुद्रात टाकले, आणि हॉग्लिनचं घड्याळ आपल्या मुलाला दिलं. ज्युरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या बारा नागरिकांनी, दोषी ठरवलं.

मग ऑक्टोबर 1991 मध्ये हॉग्लिनचा सांगाडा सापडला. समुद्रात नाही, जमिनीवर, व्हांगमाटाजवळ, सरकार पक्षाने खून जिथे झाला म्हणून सांगितलं होतं तिथून 70 किलोमीटरच्या आसपास लांब. हाडांवर चाकूच्या खुणा. आणि मुलाला दिलेलं म्हणून सांगितलेलं घड्याळ त्या सांगाड्याबरोबरच होतं.

इथे थांब आणि काल तू काय केलंस ते आठव. तू घड्याळाचा मुद्दा अर्ध्या मिनिटात संपवलास आणि विटनेस सी किती वाईट माणूस आहे यावर चार मिनिटं घालवलीस. उलटं कर. एका कागदावर तीन रकाने आखून पहिल्यात त्याने सांगितलेली एकेक बाब लिही, दुसऱ्यात ती त्याला तामिहेरेशिवाय आणखी कुठून कळली असती, पेपर, टीव्ही, पोलीस, दुसऱ्या कुणाचे कागद, आणि तिसऱ्यात ती नंतर खरी ठरली की खोटी. मग तुला दिसेल की जे खटल्याच्या वेळी पोलीस धरून चालले होते तेच त्याच्या तोंडात आहे, आणि जे पोलिसांना तेव्हा माहीत नव्हतं, म्हणजे मृतदेह कुठे आहे, मारलं कशाने, घड्याळ कुठे आहे, तिथे तो साफ चुकला. खऱ्या खुन्याकडून ऐकलेल्या माणसाचं नेमकं उलटं व्हायला हवं होतं ना? हा मुद्दा बेंचसमोर, म्हणजे जजांसमोर, ठेव, त्यासाठी त्याला शिव्या द्यायची गरजच नाही.

कुठून कळलं या रकान्यासाठी तुला एक उदाहरण देऊन ठेवते. 1988 मध्ये लॉस एंजेलिसच्या जेलमधल्या लेस्ली व्हाइट नावाच्या कैद्याने अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिकच करून दाखवलं. त्याला फक्त एका आरोपीचं नाव दिलं, ज्याला तो कधी भेटलाही नव्हता, आणि एक फोन. त्याने वेगवेगळ्या ऑफिसांना फोन लावले, कुठे पोलीस म्हणून बोलला कुठे सरकारी वकिलाच्या ऑफिसातला म्हणून, आणि खुनाचे तपशील गोळा करून विश्वास बसेल अशी कबुली रचून दाखवली. तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळाने, मग 1990 मध्ये या सगळ्या कारभारावर मोठा रिपोर्ट दिला. हे सांगताना तामिहेरेच्या केसमध्येही असंच झालं असं मात्र म्हणू नकोस, तसा पुरावा तुझ्याकडे नाहीये. इतकंच म्हण की तपशील बरोबर असणं हा कबुलीचा पुरावा धरता येत नाही.

आता पुढचं, आणि यात तू काल खरी अडकलीस. बेंचवरच्या सरांनी विचारलं, विटनेस सी खोटा धरला तरी बाकीचा पुरावा आहेच की, आणि तू परत त्याच्या खोटेपणावरच गेलीस. खोटेपणा आता वादाचा राहिलाच नाही गं. त्याने 1995 मध्ये ॲफिडेव्हिट करून माझी साक्ष खोटी होती म्हटलं, पुढे तेही फिरवलं, आणि शेवटी 2017 मध्ये ऑकलंडच्या ज्युरीने त्याला खोट्या साक्षीच्या आठ आरोपांवर दोषी धरलं, आठ वर्षं सात महिने शिक्षा झाली. ती फिर्याद खाजगी होती, सरकारने नाही, आर्थर टेलर नावाच्या कैद्याने जेलमधून चालवली होती, हे तुझ्या पहिल्या वाक्याच्या शेजारी ठेवून बघ. कैद्याचं ऐकायचंच नाही असा नियम असता तर हा खोटेपणा बाहेर आला असता का?

तर 2024 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने काय म्हटलं, की होय, या साक्षीमुळे न्यायात खोट आली, पण उरलेल्या पुराव्यावर आमची दोषाबद्दल खात्री पटते, म्हणून त्या कोर्टाने शिक्षा कायम ठेवली. तुझी खरी लढाई या "पण"शी आहे. इथे गाडीचा मुद्दा घे. जंगलाच्या कडेला उभी असलेली गाडी लपून राहणाऱ्या फरारी माणसाने चोरली, ही एकटी वस्तुस्थिती चोरी सांगते. शेजारी कबुली ठेवली की तीच चोरी खुनाची खूण वाटायला लागते. तामिहेरे पोलिसांशी खोटं बोलला, तेही तसंच, एरवी फरारी माणसाचं खोटं, कबुली ऐकल्यावर खुन्याचं खोटं. आपल्याकडे जज कारणं लिहितो त्यामुळे कुठल्या साक्षीवर किती भार टाकला ते वाचता येतं, ज्युरी कारणं लिहीत नाही, ती आत जाते आणि एक शब्द घेऊन बाहेर येते. मग 1990 च्या त्या बारा जणांच्या मनात विटनेस सी किती होता हे 34 वर्षांनी कोर्ट कशावरून ठरवणार, आणि घटनाक्रमच बदलल्यावर ज्या गोष्टीवर आरोपीचा खटला चाललाच नाही त्या गोष्टीवर त्याला दोषी ठेवता येतं का, हे दोन प्रश्न विचार आणि थांब. बेंचला बोलू दे.

सरकार पक्षाची बाजूही मनापासून तयार कर, फायनलमध्ये बाजूची चिठ्ठी उलटी पडली तर काय करशील? आणि त्यासाठी नाही, तर तुला स्वतःला हे पटायला हवं की कैदी खरंही बोलतो. इंग्लंडमधली मायकेल स्टोनची केस वाच, 1996 चे केंटमधले खून. शेजारच्या कोठडीतला कैदी म्हणाला, पाइपमधून त्याने मला कबुली दिली. 1998 ची शिक्षा 2001 मध्ये रद्द झाली कारण दुसऱ्या एका कैद्याने साक्ष मागे घेतली, फेरखटल्यात पाइपवाला साक्षीदार टिकून राहिला, परत शिक्षा झाली, 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. बचाव पक्ष सांगत राहिला की त्यातलं सगळं पेपरात छापून आलं होतं. मला स्वतःला ती साक्ष अपुरी वाटते, पण सरकारी बाजूने उभी राहिलीस तर युक्तिवाद कसा बांधायचा ते त्या निकालात दिसेल.

आणि आपली भायखळ्याची केस विसरू नकोस. जून 2017 मध्ये महिला जेलमध्ये मंजुळा शेट्येचा मृत्यू झाला, दोन अंडी आणि पाच पाव कमी पडल्यावरून मारहाण झाली असं तक्रारीत म्हटलंय, आणि सहा जेल कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. तिथे बघणारं कोण होतं? बाकीच्या कैदी बायका. कालचं तुझं वाक्य उद्या त्यांच्याविरुद्ध वापरलं जाईल, शब्द न शब्द, आणि तेव्हा तू कुठल्या बाजूला उभी असशील? कॅनडात थॉमस सोफोनोच्या चुकीच्या शिक्षेची चौकशी झाली तेव्हा माजी न्यायमूर्ती पीटर कोरींनी 2001 मध्ये म्हटलं की अशा जेलमधल्या खबऱ्यांच्या साक्षीला सर्वसाधारणपणे बंदीच असावी, मला ते पटतं, पण ती बंदी "याने माझ्याकडे कबुली दिली" म्हणणाऱ्यांसाठी आहे, डोळ्यांनी मार बघणाऱ्यांसाठी नाही. एक जण, एकटा, काही महिन्यांनी, स्वतःच्या शिक्षेत काही सवलत मिळेल या आशेवर बोलतोय, की अनेक जणी, लगेच, उद्या त्याच जेलमध्ये राहायचंय हे माहीत असून बोलताहेत, हा फरक तुला बेंचला समजावता आला पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. न्यूझीलंडच्या एव्हिडन्स ॲक्ट 2006 चं कलम 122 बघ, जेलमधल्या कबुलीबद्दल ज्युरीला सावध करायचा विचार जजने करायला हवा असं ते सांगतं. आपल्याकडचं विचारलं तर सुप्रीम कोर्टाचा वडिवेलू थेवर निकाल, 1957, साक्षीदार तीन प्रकारचे, पूर्ण विश्वासाचा, अजिबात विश्वासाचा नसलेला, आणि मधला, आणि मधल्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे चालत नाही म्हणून हा प्रश्न आपल्याला नाही असं म्हणू नकोस, काल एका मुलाने म्हटलं ते. बरॅकमधला माणूस पोलीस नसतो, म्हणून तो त्या कलमातून निसटतो, आणि मग कोर्टापुढे ती साधी न्यायालयाबाहेरची कबुली म्हणून येते. ती कच्चा पुरावा असते असं आपलं सुप्रीम कोर्ट कितीदा तरी म्हणालंय, तरी माझ्या त्या माणसाला लागायची ती शिक्षा लागलीच.

शनिवारी सहानंतर ऑफिसला ये, तेव्हा गर्दी नसते. तीन रकान्यांचा कागद हाताने लिहून आण, टाइप केलेला नको, आणि कबुलीतल्या प्रत्येक बाबीपुढे ती पहिल्यांदा कुणी, कधी आणि कुठे सांगितली त्याची तारीख टाक. तारखा आधी बघू, भाषण नंतर.