वाचकांचे प्रश्न : डीव्हीडीचे रूपांतर केल्यावर आवाज मागे का पडतो?

प्रश्न : आमच्या लग्नाची २००५ सालची डीव्हीडी जतन करण्यासाठी मी तिच्यातील एकेक जीबीच्या चार फाइली संगणकावर घेतल्या, प्रत्येकीचे एमपी४मध्ये रूपांतर केले आणि मग त्या चारही एकापुढे एक जोडल्या. सुरुवातीला सर्व ठीक दिसते. पण पुढे आवाज मागे पडू लागतो आणि वरातीत तर ढोलावर टिपरू पडून गेल्यावर ठोका ऐकू येतो. तीच डिस्क प्लेअरवर मात्र व्यवस्थित चालते. आवाज थोडा पुढे सरकवला की काम होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होणार नाही. तसे केल्यास शेवट कदाचित जुळेल, पण आज नीट असलेला पहिला भाग बिघडेल. डिस्क प्लेअरवर व्यवस्थित चालते, ही आपण दिलेली माहिती फार उपयोगाची आहे, कारण त्यावरून दोष मूळ मुद्रणात नसून रूपांतराच्या पद्धतीत आहे हे स्पष्ट होते.

कोणताही उपाय करण्यापूर्वी आवाज आणि चित्र यांच्यातले अंतर कसे वागते ते पाहावे. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढेच राहते, हळूहळू वाढत जाते, की ठरावीक जागी एकदम वाढून पुन्हा स्थिर होते, यांपैकी काय घडते त्यावर सगळे निदान अवलंबून असते. हे पाहण्यासाठी बोलणारे चेहरे फारसे कामाचे नसतात. टाळी, फुटणारा नारळ, ताशावर पडणारी काडी असा क्षणात सुरू होऊन क्षणात संपणारा आवाज शोधावा. शिवाय लग्नाच्या चित्रणात पंगती आणि वरातीच्या भागांवर छायाचित्रकार हौसेने सिनेमाची गाणी चढवत असत. तिथे मूळ आवाजच उरलेला नसतो, त्यामुळे अशा ठिकाणी मेळ तपासण्यात वेळ घालवू नये.

आपल्या वर्णनावरून हा तिसरा प्रकार वाटतो, आणि त्याचे मूळ त्या एकेक जीबीच्या तुकड्यांत आहे. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज एकाच व्हीओबी फाइलीत (आपल्या एकेक जीबीच्या फाइली त्या याच) लहान लहान पुडक्यांच्या रूपाने एकाआड एक ठेवलेले असतात. ही पुडकी कोणत्या क्षणी दाखवायची किंवा ऐकवायची याची नोंद सेकंदाचे ९०,००० भाग करणाऱ्या घड्याळानुसार त्यांच्यासोबत दिलेली असते, आणि प्लेअर त्या नोंदी पाहूनच दोहोंचा मेळ राखतो. एक जीबीवर फाइल तोडली जाते ती केवळ आकाराच्या मर्यादेमुळे. तिथे प्रसंग संपतो असे नाही. आता डीव्हीडीवर चित्रण आटोपशीर साठवण्याच्या एमपीईजी-२ पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. साधारण अर्ध्या सेकंदातून एकदा पूर्ण चित्र येते आणि मधल्या चित्रांत बहुतांशी आधीच्या-नंतरच्या चित्रांपासून झालेले बदल तेवढे असतात. दुसरी फाइल अशा गटाच्या मध्येच सुरू झाली, तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंतची चित्रे उलगडता येत नाहीत आणि रूपांतर करणारा प्रोग्राम ती टाकून देतो. आवाजाला अशी अडचण नसते. तो फाइलीच्या आरंभापासूनच घेतला जातो. परिणामी चित्र काही फ्रेम, म्हणजे काही सुट्या चित्रांइतके, पुढे जाते, आवाज तेवढा मागे राहतो, आणि तिसऱ्या व चौथ्या फाइलीच्या जोडावर ही तूट आणखी वाढते. आपण जोडलेल्या जागा पुन्हा पाहिल्यात, तर अंतर नेमके तिथेच वाढलेले आढळेल.

म्हणून जोडलेली फाइल दुरुस्त करत बसण्याऐवजी डिस्कवरून पुन्हा सुरुवात करावी, हेच कमी कष्टाचे आहे. मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रामने डिस्क उघडली, की संपूर्ण लग्न एक सलग शीर्षक (टायटल) म्हणून दिसते आणि ते जसेच्या तसे एमकेव्ही या प्रकारच्या एका व्हिडिओ फाइलीत उतरवता येते. हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्राम वापरत असाल, तर सुटी व्हीओबी फाइल न देता व्हिडिओ टीएस हा संपूर्ण फोल्डर द्यावा, कारण कोणता भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची माहिती त्यातल्या आयएफओ फाइलींत असते. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, वरात असे भाग वेगवेगळे तयार करून डिस्कवर ठेवलेले असले, तर प्रत्येक भागाचे घड्याळ शून्यापासून सुरू झालेले असू शकते. फोल्डर वाचणारा प्रोग्राम हे ओळखतो, नुसत्या फाइली एकापुढे एक चिकटवणारा ओळखत नाही. फ्रेमच्या वेगाच्या रकान्यात मूळ चित्रणाइतकाच वेग ठेवून तो स्थिर राहील असा पर्याय निवडावा. भारतातील डिस्क बहुधा पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमची असते आणि तिचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा असतो. हे दोन्ही आकडे बदलण्याचे काहीच कारण नाही.

इतके करूनही एखाद्याच जागी चित्र अडखळून तिथून पुढे मेळ जात असेल, तर डिस्कचा तेवढा भाग वाचला जात नाही असे समजावे. मऊ कोरड्या कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसून, गोल न फिरवता, कमी वेगाने किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून पाहावे. घरी लिहिलेल्या डिस्कमधील रंगद्रव्य वर्षानुवर्षांत खराब होत जाते, तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नये.

एक खुलासा आवश्यक आहे. घरगुती चित्रणाच्या डिस्कला सहसा कुलूप नसते. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कची गोष्ट वेगळी असून, त्यांवरील तांत्रिक संरक्षण भेदण्याबाबत कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलेले आहे. वरील उत्तर आपल्या स्वतःच्या चित्रणापुरतेच समजावे.

प्रश्न : व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी आणि डीव्हीडीवरून एमकेव्ही अशा प्रवासात माझ्या चित्रणातील आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत किंचित आधी येतो. पुन्हा सर्व रूपांतर करावे लागेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अंतर सर्वत्र सारखे असल्यास ही सर्वांत सोपी दुरुस्ती आहे. मात्र आधी टीव्ही, साउंडबार आणि ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून, साध्या तारेच्या हेडफोनवर फाइल ऐकावी. ब्लूटूथमुळे आवाजाला होणारा उशीर अनेकदा फाइलीच्या माथी मारला जातो. आपला आवाज आधी येतो, त्यामुळे उलट फाइलीतला दोष दिसतो त्याहून थोडा मोठाही असू शकेल.

विंडोजवरील व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल चालू असताना के ही कळ दाबली, की आवाज दर वेळी ५० मिलिसेकंद उशिरा येतो, आणि जे दाबल्यास तेवढाच लवकर येतो. मेळ जमेपर्यंत दाबून पडद्यावर दिसणारा आकडा लिहून घ्यावा. व्हीएलसीतील हा बदल केवळ पाहण्यापुरता असतो. तो कायम करण्यासाठी एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फाइली जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल घेऊन, आवाजाचा ट्रॅक निवडून, विलंबाच्या रकान्यात तोच आकडा मिलिसेकंदांत भरावा आणि नवी फाइल तयार करावी. चित्र वा आवाज पुन्हा कॉम्प्रेस केला जात नसल्यामुळे दर्जा जराही उतरत नाही. अगदी मिलिसेकंदापर्यंत अचूकता साधण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, तरच प्रेक्षकाला फरक जाणवू लागतो. विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट नंतर, याची आपल्याला सवय असते. त्यामुळे आधी आलेला आवाज अधिक खटकतो.

प्रश्न : इथल्या महाराष्ट्र मंडळातील नाटकाची दोन तासांची डीव्हीडी मित्राने एडिटिंगच्या प्रोग्राममधून काढून दिली. आरंभी मेळ नेमका आहे, पण भैरवीपर्यंत आवाज सात सेकंद मागे पडतो. मधे कुठेही झटका जाणवत नाही.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन तासांत सात सेकंद, म्हणजे जवळजवळ हजारात एक, आणि हा आकडाच कारण सांगून जातो. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम नसून सुमारे २९.९७ असतात. १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरवताना रंगाचा आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून पडद्यावर नक्षी उमटू नये, म्हणून वेग हजारात एक इतका कमी करण्यात आला, तो आजवर तसाच चालत आला आहे. आपल्या मित्राने प्रकल्पाचा वेग पूर्ण ३० ठेवला असावा. त्यामुळे तितक्याच फ्रेम दोन तासांऐवजी सात सेकंद आधी संपतात आणि न बदललेला आवाज मागे राहतो.

इथे आवाजाला हात लावू नये. तो ताणला-आखडला तर गाण्याचा सूर किंवा पोत बिघडण्याची शक्यता असते, आणि संगीत नाटकात ते लगेच कानाला लागते. एमकेव्हीटूलनिक्समध्ये चित्राचा ट्रॅक निवडून फ्रेमच्या वेगाच्या यादीतून ३००००/१००१ (म्हणजेच सुमारे २९.९७) हा पर्याय घ्यावा. चित्र पुन्हा मूळ गतीने चालेल आणि दर्जाही कायम राहील. तासाला साडेतीन सेकंदांऐवजी अडीच मिनिटांचा फरक पडत असता, तर २५ फ्रेमच्या पाल चित्रणाला कोणीतरी २३.९७६ हा चित्रपटाचा वेग लावला असे म्हणता आले असते. आपल्या बाबतीत तो प्रश्न नाही. नवी फाइल तयार झाल्यावर आरंभ, मध्यांतर आणि भैरवी या तिन्ही ठिकाणी तबल्याची थाप पाहावी. मध्यांतराला अंतर साडेतीन सेकंदांच्या आसपास असल्याचे आधीच्या फाइलीत दिसले, तर निदान पक्के समजावे. ते तसे नसेल, तर मित्राकडून मूळ डिस्क मागवून ती पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे सलग उतरवून घ्यावी.