जांभा की काळा दगड ते नंतर, आधी वरचं पाणी कुठून येतं ते बघा

घरामागे डोंगर कापून काढलेली सात फुटांची उभी माती, तिला लावलेली सिमेंटातली चिऱ्याची, म्हणजे लाल जांभ्या दगडाच्या घडीव ठोकळ्यांची, एकेरी भिंत. दोन पावसाळे उभी राहिली, तिसऱ्यात ऑगस्टमध्ये पोट आलं आणि गणपतीला गावी गेलात तर मधला भाग अंगणात. तुम्ही लिहिलेलं हे वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे देवगड तालुक्यात थोड्याफार फरकाने हेच झालंय. आता तुम्ही विचारताय की नवी भिंत जांभ्याची घालू, काळ्या दगडाची घालू की जाळीत दगड भरून घालू. बाकीच्यांनी दगडावर बरंच लिहिलंय, चांगलं लिहिलंय. पाण्यावर मात्र कुणी बोललेलं नाही.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. कलमांची बाग सांभाळतो आणि बागेतले बांध-गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या भिंती, घालून घेतो. पाच फुटांपर्यंत अनुभवावर बोलेन. तुमची सात फूट आहे, आणि खाली माणसं झोपतात. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर नेऊन दाखवा, फोटोवर सल्ला घेऊ नका. माझाही नाही.

भिंतीवर जोर कशाचा येतो ते बघा. मागे दोन मीटर उंचीपर्यंत पाणी साचून राहिलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा रेटा दोन टन होतो. दहा मीटरच्या भिंतीवर वीस टन. मातीचा रेटा वेगळा. आणि उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो, म्हणून चार फुटांना जमलं ते आठ फुटांनाही जमेल हे गवंड्याचं म्हणणं ऐकू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पडला की दहा हजार लिटर पाणी झालं. तुमच्या भिंतीच्या वर किती गुंठ्यांचा उतार आहे ते एकदा मोजा. सिमेंटने सांधे बंद केलेली, भोकं न ठेवलेली भिंत म्हणजे तुम्ही टाकी बांधली आणि तिची एक बाजू चिऱ्याची केली.

आता आमची गोष्ट. वडिलांच्या वेळचा सुका गडगा होता, काळ्या दगडाचा, चिखलसुद्धा न लावलेला. मी कळत्या वयापासून तो जसा होता तसा पाहिला. मग वरच्या वाडीचा रस्ता रुंद झाला, डांबर पडलं, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. रस्त्याचं पाणी आधी दोन्ही अंगांना पसरून जायचं. नव्या कामात ते रस्त्याखालून जाणाऱ्या एका मोरीत गोळा केलं आणि मोरीचं तोंड सोडलं थेट आमच्या बांधावर. पुढच्याच जुलैत गडगा फुटला, फळ धरणारी दोन आंब्याची कलमं मुळासकट खाली आली आणि विहिरीच्या कठड्यापर्यंत चिखल.

कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथे पहिलं उत्तर मिळालं, "रस्ता आमचा, पाणी आमचं नाही." दुसऱ्या कार्यालयात गेलो तर त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. अर्जाला उत्तर आलं ते "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" एवढंच, खाली सही, शिक्का. बऱ्याच हेलपाट्यांनंतर साहेब पाहणीला आले ते मार्च महिन्यात. मोरीजवळ उभं राहून म्हणाले, "इथे तर पाणीच नाही." मार्चमध्ये कोकणात मोरीतून पाणी वाहताना कुणी पाहिलंय? पंचनाम्यात तेच लिहिलं. तोपर्यंत पुढचा पावसाळा तोंडावर आला आणि उरलेला बांधही गेला. भिंतीचा खर्च मी एकदा करणार होतो तो दोनदा झाला, तो या एका वाक्यापायी.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमच्या जागेच्या वर रस्ता, पाखाडी, शेजाऱ्याचं नवं अंगण, काहीही झालं असेल तर दगड ठरवण्याआधी जुलैत दोन दिवस रजा काढून गावी जा. छत्री घेऊन धो धो पावसात वर चढा, पाणी कुठून येतं आणि कुठे शिरतं त्याचा तारखेसकट व्हिडिओ काढा. अर्ज द्याल तो लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घातल्याशिवाय खिडकी सोडू नका. रस्ता नक्की कुणाचा हे तोंडी विचारत फिरू नका, माहिती अधिकारात विचारा. २००५ च्या त्या कायद्याने दहा रुपयांत आणि तीस दिवसांत उत्तर मागता येतं. रस्त्याचा वर्ग, क्रमांक आणि मोरीच्या कामाचा नकाशा मागा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारण जिल्हा परिषदेकडे, त्याहून वरच्या वर्गाचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पण तुमच्या रस्त्याचं कागदावर काय आहे तेच खरं. एवढं करून मोरीचं तोंड वळेलच असं मी म्हणत नाही. आमचं वळलेलं नाही. मी शेवटी आपल्याच हद्दीत, बांधाच्या वरच्या अंगाला दगडी चर काढला आणि पाणी बाजूच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलं. त्यासाठी शेजारच्या भावकीची परवानगी लागली, आणि सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांना एका ओटीवर बसवणं हे भिंत बांधण्याहून अवघड काम आहे. नंतर जो म्हातारा गवंडी भिंतीला आला तो चर बघून एवढंच म्हणाला, "पाण्याक वाट दी, नायतर ता तुझीच वाट लावतला."

आता दगड. माझं मत काळ्या दगडाचं, पण कारण ऐका. सुकी भिंत उभी राहते ती वजनावर. काळा दगड घनमीटरला साधारण पावणेतीन टन भरतो, जांभा त्याहून बराच हलका आणि वर पाणी पिणारा. सतत ओल्या राहणाऱ्या खालच्या थरात मऊ जांभा कडेने झडत जातो. तरीही दक्षिण रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यालगत, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारालगत, घर असेल तर जांभा दाराशी आणि काळा दगड घाटाकडच्या खाणीतून ट्रकने, त्यात भाड्याचा फरक मोठा. मधला मार्ग असा की जमिनीखालचा आणि जमिनीवरचा फूटभर काळा दगड, वर जांभा. चिरा घेताना पिवळ्या मातीच्या गाठी असलेला घेऊ नका. खाणीतून काढल्यावर जांभा हवेवर कडक होत जातो, तेव्हा ओला चिरा लगेच लावण्यापेक्षा थोडे महिने रचून ठेवलेला बरा. रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी खिळ्याने ओरखडून बघा. भुगा निघाला तर ती गाडी परत पाठवा, लाजू नका.

जाळीतले दगड मला आवडतात, कारण त्यातून पाणी आपोआप जातं. पण समुद्र जवळ असेल तर साधी जस्ताची तार खाऱ्या हवेत फार दिवस काढत नाही. प्लास्टिकचं आवरण असलेली तार घ्या. आणि आत जांभ्याचे तुकडे भरू देऊ नका. दिसायला कसं दिसतं यावर मी बोलत नाही, बायको त्याला कोंबड्यांचा खुराडा म्हणते.

बांधणीबद्दल बाकी सगळं गवंड्याला माहीत असतं, फक्त चार गोष्टींवर उभं राहा. सुक्या भिंतीची पायाची रुंदी उंचीच्या निम्मी हवी. सहा फुटांना तीन फूट, आणि दर्शनी बाजू दर फुटाला दोन इंच आत झुकलेली. ओळंब्यात सरळ भिंत बांधणाऱ्याला थांबवा. थोड्या थोड्या अंतराने लांब दगड आतपर्यंत गेला पाहिजे, नुसती बाहेरून तोंडं रचून मध्ये चिपा आणि माती भरली तर तेच पोट पुन्हा येईल. मागे मातीला लागून माती अडवून पाणी सोडणारं फिल्टर कापड, मग भिंतीपर्यंत फूटभर जाड खडी, तळाला भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उतार देऊन बाहेर काढलेला. सिमेंटात बांधणारच असाल तर दीड-दोन मीटरवर तीन-चार इंची भोकं, आणि ती गिलाव्याने बुजलेली नाहीत हे स्वतः बघा. पाया कातळावर आला म्हणून खूश होऊ नका. गुळगुळीत उतरत्या कातळावर भिंत घसरते, कातळात मागे झुकलेली खाच काढायला लावा. आणि तोडलेल्या दरडीत जांभ्याच्या खाली पांढुरकी-गुलाबी चिकण माती दिसत असेल तर तिथे माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. ती भिजली की साबणासारखी सुटते. तिथे आधी इंजिनिअरच.

सात फूट एका भिंतीत रोखण्यापेक्षा साडेतीन-साडेतीनच्या दोन पायऱ्या करा, जागा असेल तर. मध्ये निदान सात फूट अंतर हवं, नाहीतर वरचीचा भार खालचीवर येतो. त्या पट्ट्यात वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. अबोली, जास्वंद चालेल. पिंपळाचं रोप सांध्यात दिसलं की त्याच दिवशी उपटायचं, पुण्य-पाप नंतर बघू.

एक आडवी सूचना. सुका गडगा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी असेल तर फुरसं आणि विंचू राहायला येतातच. पालापाचोळा साठू देऊ नका, तिथे दिवा लावा, आणि मुलांना सांध्यात हात घालू देऊ नका. घराजवळच्या भागाचे दर्शनी सांधे चुन्यात भरले तरी चालतील, भोकं ठेवून.

काम दिवाळीनंतर लगेच धरा. एप्रिल-मे आंब्याचा, तेव्हा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर मिरगाच्या, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाच्या, आत उरकायच्या घाईत मागची भर नीट ठोकली जात नाही. दर रनिंग फुटावर ठरवू नका. त्यात भिंत जितकी बारीक तितका ठेकेदाराचा फायदा, आणि मुंबईत बसून तुम्हाला जाडी दिसत नाही. घनफुटावर किंवा ब्रासवर ठरवा, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मात्र ट्रकमध्ये सैल भरलेलं डबर, म्हणजे ओबडधोबड दगड, आणि भिंतीत बसलेलं डबर यांचं माप एक नसतं, तेव्हा मोजणी बांधलेल्या भिंतीची धरा. मागची खडी आणि पाइप भरून झाकण्याआधी फोटो पाठवल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका.